भाचीला दाढी कशी लावावी

आपल्या घरातल्या मुलीला व्हिडिओ गेमची आवड लागली असेल, तर सर्वप्रथम तिला दाढीची सवय करावी. हा सल्ला ऐकीव नाही. गेल्या रविवारी अकरा वर्षांच्या भाचीला घेऊन मी विश्रामबागेतल्या एका गेमिंग पार्लरमध्ये गेलो, तासाचे पैसे आगाऊ भरले, आणि तिने क्रिकेटच्या गेममध्ये स्मृती मानधना शोधायला सुरुवात केली. सांगलीच्या मुलीने दुसरे कोणाला शोधावे? काउंटरवरच्या मुलाने मोबाइलमधून मान वर न करता सांगितले, ‘ह्यात लेडीज टीम नाही. कुठलापण डावखुरा घे आणि नाव बदल.’ मग तिने कंट्रोलरवर एकेक अक्षर निवडत नाव भरले आणि गालभर दाढीचा, दंडावर गोंदलेला एक आडदांड ‘स्मृती’ खेळपट्टीवर उतरला. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ हसून म्हणाले, ‘अहो, गेमच तर आहे!’ मीही हसलो. इंग्रजी समालोचक दर चेंडूला ‘ही’, ‘ही’ म्हणत होता. ते मराठीतले ‘ही’ आहे असे मुलीला पटवून द्यावे, म्हणजे तक्रार मिटते.

दुसरे म्हणजे, मुलीला काटकसर शिकवावी. २०११ सालच्या टेम्पल रनमध्ये गाय डेंजरस हा पुरुष फुकट मिळत असे आणि स्कार्लेट फॉक्स ही बाई हवी असल्यास दहा हजार नाणी मोजावी लागत. ती नाणी अर्थातच पुरुष होऊन धावतच गोळा करायची.

कपड्यांविषयी काही विचारू नये. १९८६च्या मेट्रॉइडमध्ये चिलखतातला योद्धा बाई आहे हे शेवटी कळते, आणि खेळ तासाभरात संपवणाऱ्यास ती बिकिनीत दिसते. बक्षीस म्हणून.

कंपन्यांना मात्र मुळीच त्रास देऊ नये, कारण त्यांच्या अडचणी फार मोठ्या असतात. २०१४ साली ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड युनिटी’मध्ये चौघांनी मिळून खेळायची सोय होती आणि चौघेही पुरुष होते, बाई घेतली तर हालचालींचे काम दुप्पट होईल, असे युबिसॉफ्टकडून सांगण्यात आले. याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या एका अ‍ॅनिमेटरने हे एक-दोन दिवसांचे काम असल्याचे सांगितले, पण त्याचे कोण ऐकतो! गच्चीवरून गच्चीवर उड्या मारणारी, गवताच्या गंजीत झेपावणारी माणसे ज्यांना जमली, त्यांना बाईचे चालणे जमू नये? चारच वर्षांनी त्याच मालिकेत कसांड्रा ही नायिका आली, तेव्हा ते दुप्पट काम कुठे गेले? १९९३पासून चाललेल्या ‘फिफा’ या फुटबॉल गेमच्या मालिकेत बायकांचे संघ यायला २०१५ उजाडले, आणि आले ते बारा. क्रिकेटमध्ये हे होतच नाही असे म्हणावे, तर २०१७च्या ‘अ‍ॅशेस क्रिकेट’मध्ये महिलांचे संघ होते. इतकेच कशाला, इथून चार-पाच तासांवरच्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ हा गेम केला, त्यात बहीण राक्षसांशी लढून भावाला सोडवायला निघते. पैसा आणि माणसे त्यांच्याकडे या बड्या कंपन्यांपेक्षा कितीतरी कमी होती.

तेव्हा अडचण-बिडचण काही नाही. तुम्हाला करायचे नाही. आणि आम्हाला मागायचे नाही. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत बायकांनी विश्वचषक जिंकला, त्या संघाची उपकर्णधार आमच्या माधवनगरात वाढली म्हणून मध्यरात्री एकमेकांना फोन करणारे आम्हीच, आणि पार्लरमध्ये तिच्या जागी दाढीवाला उभा केला की दात काढणारेही आम्हीच. ‘गेमच तर आहे’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनी आपल्या मुलाला एक तास, फक्त एक तास, बाई होऊन खेळायला बसवून दाखवावे. तिथे मी गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

तासातली वीस मिनिटे शिल्लक असताना भाचीने कंट्रोलर खाली ठेवला. मी समालोचकाचे ते ‘ही’ तिला मराठीत समजावू लागलो, तेव्हा ती म्हणाली, ‘मामा, मी इंग्लिश मीडियमला आहे.’