मास्कमागचा श्वास कोणी पाहायचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

बायपॅपवरील, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवरील, रुग्णाचा श्वास आणि मशीनचा श्वास जुळत नसेल तर ते कसे ओळखावे, या माझ्या लेखावर एका डॉक्टरांची प्रतिक्रिया आली आहे. आपण अतिदक्षता विभागात काम करतो, असे ते लिहितात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : हा विसंवाद मॉनिटरवरील फ्लो (हवेचा प्रवाह) आणि प्रेशरच्या (दाबाच्या) आलेखांवरूनच ओळखावा; श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांमधील श्वासाच्या स्नायूच्या) विद्युत संकेतावर चालणारी मशीन आल्यानंतर या चर्चेत फारसा अर्थ उरलेला नाही; लेखातील आकृतीत अक्षांची नावे नाहीत; आणि अशी माहिती मराठीतून सर्वांसमोर मांडणे धोक्याचे आहे. या सगळ्याच्या मधोमध एक वाक्य आहे : ‘ताई, तुमचा हेतू चांगला असेल, पण पोटावर हात ठेवून श्वास मोजणे ही मागच्या शतकातली वैद्यकी आहे, आणि सिस्टरांनी मशीनचे निदान करायला जाऊ नये.’

आकृतीविषयीची सूचना रास्त आहे. आडव्या अक्षावर सेकंद आणि उभ्या अक्षावर लिटर प्रति मिनिट अशी नावे आता घातली आहेत, त्याबद्दल आभार.

राहिले ते वाक्य. डॉक्टर, मतभेद असायला माझी हरकत नाही; या विषयावर वरिष्ठांशी वाद घालतच मी शिकले आहे. परंतु समोरच्या व्यक्तीचा हेतू आधी मान्य करायचा आणि त्याच वाक्यात तिची पायरी दाखवून द्यायची, या पद्धतीला चर्चा म्हणत नाहीत. लेखातील एखादे विधान चुकीचे असेल तर ते विधान दाखवून द्यायला हवे होते. आपण लिहिणारी कोण आहे ते पाहिले आणि तिने काय लिहिले आहे ते अर्धवट वाचले, असे मला स्पष्टपणे म्हणावे लागते. कारण आलेख पाहू नयेत, असे त्या लेखात कुठेही नाही.

लेखात म्हटले आहे ते एवढेच, की मशीनच्या पडद्यावर दिसणारा श्वसनाचा आकडा हा मशीनने दिलेल्या श्वासांचा असतो. जो प्रयत्न मशीनच्या लक्षातच आला नाही, तो त्या आकड्यात येऊ शकत नाही. सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णात हे वारंवार घडते. श्वासनलिका अरुंद झाल्यामुळे हवा पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास सुरू होतो, छातीत दाब साठून राहतो, आणि मशीनचा ट्रिगर लागण्यापूर्वी, म्हणजे प्रयत्न ओळखून मशीनने हवा सोडण्यापूर्वी, रुग्णाला हा साठलेला दाब स्वतःच्या स्नायूंनी ओलांडावा लागतो. थकलेल्या रुग्णाला ते प्रत्येक वेळी जमत नाही. तो ओढतो, मानेचे स्नायू ताणले जातात, पोट हलते आणि मशीन स्वस्थ राहते. अशा वेळी पडद्यावर मिनिटाला १८ श्वास दिसतात आणि दुरून पाहणाऱ्याला रुग्ण स्थिरावला असे वाटते. पोटाच्या वरच्या भागावर हात ठेवून पूर्ण एक मिनिट मोजले तर कळते, की तो प्रत्यक्षात ३० वेळा श्वास घेण्याचा प्रयत्न करीत आहे आणि त्यांपैकी १२ प्रयत्न वाया जात आहेत. उलट मशीनचा आकडा रुग्णाच्या प्रयत्नांपेक्षा मोठा निघाला, तर मास्कमधून गळती आहे का, नळीत पाणी साचले आहे का, हृदयाच्या ठोक्यांच्या कंपनाने ट्रिगर लागत आहे का, हे पाहायचे. याला आपण मागच्या शतकातली वैद्यकी म्हणता. मला मात्र हे मोजण्याला शतकाचे बंधन कसे लागते, ते समजलेले नाही.

आलेखावर हेच अधिक नेमके दिसते, हे मी नाकारत नाही. उच्छ्वासाच्या काळात फ्लोची रेघ अचानक शून्याकडे उचलली जाते, त्याच क्षणी प्रेशर किंचित खाली जातो आणि तरीही पुढे श्वास दिला जात नाही, ही वाया गेलेल्या प्रयत्नाची खूण मीच त्या लेखात दिली आहे. परंतु आलेख समोर असला म्हणजे तो वाचला जातोच, असे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना फक्त आलेख दाखवून विसंवाद ओळखायला सांगितले होते. श्वासपटलाच्या विद्युत नोंदीशी ताडून पाहिले तेव्हा अनुभवी डॉक्टरांनाही एक तृतीयांशापेक्षा कमी विसंवाद ओळखता आले. तेही श्वासनलिकेत ट्यूब घातलेल्या रुग्णांत, जिथे मास्कच्या गळतीचा प्रश्नच नसतो. मास्कवरील ६० रुग्णांच्या २००९ मधील अभ्यासात ४३ टक्के रुग्णांत तीव्र विसंवाद आढळला होता. एवढ्या वारंवार घडणाऱ्या आणि डॉक्टरांच्याही नजरेतून निसटणाऱ्या गोष्टीकडे पाहणारी माणसे कमी करावीत, असा सल्ला आपण देता, तो कोणत्या आधारावर?

‘सिस्टरांनी निदान करायला जाऊ नये’ याचे उत्तर मला अनुभवातूनच द्यावे लागेल. नागपुरात पहिल्यांदा बायपॅप हाताळले तेव्हा मला कोणीही आलेख शिकवला नव्हता. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आसपासच्या गावांतून, आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका दमाने बेजार होऊन येत. रात्री मास्क ओढून काढणाऱ्या रुग्णाच्या फाइलवर ‘सहकार्य करीत नाही’ एवढाच शेरा पडे आणि हात बांधण्याची किंवा झोपेचे औषध देण्याची सूचना येई. अशाच एका आजींच्या बाबतीत मशीन पूर्ण समाधानकारक आकडे दाखवीत होते. पोटावर हात ठेवला तेव्हा जवळजवळ प्रत्येक तिसरा श्वास मशीनपर्यंत पोहोचत नव्हता. मी ड्युटीवरील डॉक्टरांना बोलावले. त्यांनी स्वतः मोजून पाहिले, वरचा (श्वास घेतानाचा) दाब २० वरून १६ वर आणला, खालचा (श्वास सोडतानाचा) किंचित वाढवला, श्वास आत सोडण्याची कमाल वेळ कमी केली आणि आम्ही मास्क नीट बसवला. आजी झोपल्या, औषध लागले नाही. दाब कमी केल्यावर रुग्णाला आराम पडावा, हे अनेकांना उलटे वाटते. परंतु गरजेपेक्षा जास्त दाबाने छातीत जास्त हवा कोंबली जाते, ती बाहेर पडायला जास्त वेळ लागतो आणि पुढचा प्रयत्न वाया जाण्याची शक्यता वाढते. हे त्या डॉक्टरांनीच मला समजावले. त्यांना माझ्या निरीक्षणाचा कमीपणा वाटला नाही आणि दाब बदलण्याचा निर्णय त्यांचाच होता. मी निदान ‘करायला गेले’ नव्हते. मोजले आणि सांगितले. ही दोन कामे वेगळी आहेत, हे कळण्याइतके शिक्षण मला आहे.

हाताने विसंवादाचा प्रकार ओळखता येत नाही, असेही आपण सुचवले आहे. एकाच प्रयत्नाला मशीन दोनदा ट्रिगर होणे आणि प्रयत्नाविना आपोआप ट्रिगर होणे यांतील फरक अनेकदा आलेखाविना कळत नाही, हे खरे. पण मशीनचा उशिरा थांबणारा श्वास हाताला नक्की कळतो. फ्लो कमाल पातळीच्या साधारण २५ टक्क्यांवर उतरला की मशीन हवा आत सोडणे थांबवते. मास्कमधून गळती असेल तर फ्लो तेवढा उतरतच नाही, मशीन हवा सोडत राहते आणि रुग्ण त्याच वेळी बाहेर सोडण्यासाठी पोटाचे स्नायू आवळतो. हाताखाली पोट घट्ट होते आणि मशीनचा फुंकण्याचा आवाज अजून चालू असतो. हे एकदा अनुभवलेली सिस्टर ते विसरत नाही.

आणि आलेख आहेत कुठे? २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपूरच्या वॉर्डांत आम्ही ज्या मशीन चालवल्या, त्यांतील कित्येकांवर आलेख नव्हतेच, फक्त आकडे होते. पीपीई किटमधील धुरकट चष्म्यातून तेही धड दिसत नसत. घरी लावलेल्या बायपॅपवर आजही बहुधा तेच असते, आणि तिथे रात्री शेजारी डॉक्टर नसतो, मुलगी किंवा सून असते. तिला आपण काय शिकवणार आहात? जवळ नसलेला पडदा पाहायला?

विद्युत संकेतावर चालणाऱ्या मशीनविषयी माझे फार म्हणणे नाही. ते तंत्र चांगले आहे, त्यासाठी खास नळी अन्ननलिकेत घालावी लागते, आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी जरूर वापरावे. मराठीतून लिहिण्याच्या धोक्याविषयीही उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. लेखात कुठेही सेटिंग स्वतः बदलण्यास सांगितलेले नाही आणि डॉक्टरांना बोलावण्याची सूचना ठळक अक्षरांत आहे.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. तिच्याखाली तीन सिस्टरांनी प्रश्न विचारले आहेत. त्यांतील एकीला आपण ‘आधी नाडी मोजायला शिका’ असे उत्तर दिले आहे. रात्रीच्या ड्युटीत एकटीने आठ-आठ रुग्ण सांभाळणाऱ्या मुलीला दिलेले ते उत्तर आहे. तिने गळती आणि ट्रिगर यांविषयी विचारलेला प्रश्न नेमका आणि विचारपूर्वक होता, आणि त्याचे उत्तर मी तिथेच दिले आहे. माझ्याविषयी काय म्हणायचे ते आपण म्हणा. येथे शिकायला येणाऱ्यांशी पुन्हा अशी भाषा वापरलीत, तर ती प्रतिक्रिया प्रसिद्ध होणार नाही.