पैलवान बाहेर येईना

आमच्या घरात सध्या पंखा बंद असतो. बिघडलेला नाही. वीजही गेलेली नाही. एप्रिल महिना आहे, अंगातून धारा लागल्यात, आणि तरीही रोज सकाळी सात ते आठ आणि दुपारी चार ते पाच मंगळवार पेठेतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत खिडक्या-दारं लावून, पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी मारून चार माणसं घाम पुसत बसतात आणि 35 ग्रॅमच्या एका पाखराकडं बघतात. पाखरू आमच्याकडं बघतं. पिंजऱ्याचं दार सताड उघडं असतं. कोणीच हलत नाही.

पाखराचं नाव पैलवान. कोल्हापूरचं कुस्तीचं खासबाग मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं दुसरं नाव कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

खरं तर आईला पोपट हवा होता. तिच्या माहेरी मिठू होता आणि तो म्हणे पाव्हणे आले की "चहा टाक" म्हणायचा. पण आमची कन्या सातवीत आहे, आणि सातवीतल्या पोरांना कायदे फार माहीत असतात. "आज्जी, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचा पोपट पाळणं गुन्हा हाय. मी वाचलो ते." (बाहेरगावच्यांसाठी : आमच्याकडं पोरी 'वाचलो', 'आलो', 'गेलो' असंच म्हणतात. त्यात काही चुकतं असं इथं कुणाला वाटत नाही.)

"मग आमचा मिठू काय गुन्हेगार होता व्हय?" आई म्हणाली.

"मिठू नव्हता. तुम्ही होता."

त्यावर आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. शेवटी मी दुकानातून 'लव्हबर्ड' आणला. दुकानदार म्हणाला, "नर हाय, घ्या बिनधास्त." घरी आल्यावर कन्येनं मोबाईलवर शोधून जाहीर केलं, की हा लव्हबर्डच नव्हे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हा बजरीगर, ऑस्ट्रेलियातला. आपल्याकडं सगळे त्याला लव्हबर्डच म्हणतात. लाल रंग ओतलेल्या कुठल्याही भाजीला हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. आम्हाला ही फसवणूक नवीन नव्हती, म्हणून पाखरू ठेवून घेतलं.

त्याचे भाऊबंद तिकडं हजारोंच्या थव्यानं पाण्याच्या शोधात वाळवंटं पालथी घालतात, हेही कन्येनंच सांगितलं. आमच्या खानदानी भटक्याला मात्र पिंजऱ्यातून टीपॉयपर्यंत यायला मुहूर्त लागेना. पहिल्याच दिवशी मी हौसेनं हात आत घातला. पैलवान असा फडफडला की राळं घरभर उडालं आणि पाण्याची वाटी माझ्या बाहीत रिकामी झाली. नंतर कळलं, की वरनं येणारी कुठलीही गोष्ट म्हणजे शिकारी पक्षी हे या पाखरांच्या रक्तातच असतं. म्हणजे मी प्रेमानं हात पुढं करत होतो आणि त्याला दिसत होता पाच नख्यांचा ससाणा.

शेजारचे तात्या जुन्या तालमीतले. त्यांना हे काही पटेना. "वडून काढ की भाईर! कशाला लाड करालाईस? आरं, या गावानं चित्तं माणसाळवलंत लेका, चित्तं!"

यात काही खोटं नव्हतं. संस्थानाच्या काळात शिकारीसाठी चित्ते पाळायचे, त्यांना शिकवणारी तयारीची माणसं कोल्हापुरात होती. डोळ्यांवर टोपी बांधलेला चित्ता बैलगाडीवर बसवून माळावर न्यायचे आणि हरणं दिसली की टोपी काढायचे. मी तात्यांना एवढंच म्हणालो, की चित्त्याला बाहेर काढायची अडचण नव्हती, आणि तो छताच्या पंख्यात सापडायची भीती तर मुळीच नव्हती. तात्या म्हणाले, "टोपी घालून बघ." पैलवानाचं डोकं शेंगदाण्याएवढं आहे.

तर पंखा. पाखरू घाबरून उडालं की वर जातं आणि वर पंखा असतो, म्हणून तो बंद. काच त्याला कळत नाही, म्हणून खिडक्यांना पडदे. आरसा म्हणजे त्याला पलीकडची खोलीच वाटते, म्हणून आरशावर बायकोची जुनी साडी. बायको सध्या स्कूटरच्या आरशात बघून वेणी घालते आणि त्या वेळी माझ्याकडं ज्या नजरेनं बघते, तिला आरशाची गरज नाही.

स्वयंपाकघरातही उलथापालथ झाली. नॉनस्टिकचं भांडं जास्त तापलं की त्याच्या लेपातून निघणारी वाफ पाखरांचा जीव घेऊ शकते, म्हणून तो तवा माळ्यावर गेला. आईनं हे ऐकताच पैलवानाला माफ केलं. लोखंडी तव्यासाठी ती गेली दहा वर्षं भांडत होती आणि तिची बाजू घेणारं घरातलं हे पहिलंच माणूस.

पण एप्रिल म्हणजे चटणीचा महिना. कोल्हापुरात वर्षाची चटणी करायची म्हणजे सोपं काम नसतं. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणून उन्हात टाकायची, देठं काढायची, खोबरं-तीळ भाजायचे, मसाले तळायचे, कांदा-लसूण घालायचा आणि डंकावर कुटून आणायची. मसाला भाजायला घेतला की शेजारची तीन घरं खोकतात. पाखराच्या नाजूक छातीचं काय होईल? मी भीत भीत विषय काढला. बायको म्हणाली, "अहो, वर्षाची चटणी एका पाखरासाठी थांबवायची?" तिच्या आवाजावरून मी प्रश्न मागं घेतला. चटणी बहिणीच्या घरी झाली. बहिणीच्या घरचे दोन दिवस खोकत होते. चटणी मात्र झणझणीत झाली.

मग सुरू झाली खरी तालीम. पाखराला ओढायचं नाही, त्याला वाटलं पाहिजे की आपणच आलो. दुकानातून राळ्याची कणसं आणली. आख्खं कणीस मिळाल्यावर पैलवान त्यावर असा तुटून पडतो, जसे आम्ही तांबड्या-पांढऱ्यावर. आधी कणीस पिंजऱ्याच्या गजातून धरायचं. मी नऊ दिवस धरलं. दहाव्या दिवशी त्यानं एक दाणा काढला आणि लगेच कोपऱ्यात जाऊन माझ्याकडं पाठ करून बसला. मग कणीस दाराशी. मग दाराबाहेर चार बोटांवर. दाराला आडवी काठीही लावली, त्याला उंबऱ्यावर बसता यावं म्हणून. पैलवान उंबऱ्यावर यायचा, एक पाय आत रोवायचा, मान लांब करून पोहोचेल तेवढं खायचा आणि मागं सरकायचा. कन्या वहीत नोंद करत होती : 'आज दीड पाय बाहेर.'

ज्या दिवशी 'पावणेदोन' लिहायची वेळ आली, त्याच दिवशी आमच्या तालमीचा संघ फुटबॉलची मॅच जिंकला. गल्लीत हलगी, फटाके, गुलाल, पुंगळ्या काढलेल्या मोटारसायकली. एरवी मी स्वतः खाली नाचलो असतो. त्या दिवशी पडद्याआड उभा राहून मनातल्या मनात दुसऱ्या संघाला पाठिंबा देत होतो. पैलवान पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटला तो आठ दिवस. वहीत पुन्हा 'शून्य पाय'.

पाव्हण्यांनी तर आमच्याकडं येणंच सोडलं. आत आल्या आल्या मी ओठावर बोट ठेवायचो, हळू बसा म्हणायचो, पंखा लावू द्यायचो नाही. मेहुण्यानं जाताना बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "दाजींचं सगळं बरं हाय न्हवं?"

गेल्या रविवारी दुपारी मटण झालं होतं. जेवण अंगावर आलं, तरी चारची वेळ चुकवायची नाही म्हणून मी दार उघडलं, कणीस बाहेर ठेवलं आणि चटईवर बनियनवर आडवा झालो. 'आज तू आलास तरी ठीक, न आलास तरी ठीक' एवढं म्हणेपर्यंत डोळा लागला.

जाग आली ती पोटावर काहीतरी चालत होतं म्हणून. झुरळ समजून हात उचलणार, तेवढ्यात डोळा किलकिला झाला. बनियनवर पैलवान. माझ्या पोटाच्या चढावर पाय रोवून, रश्श्याचा डाग चोचीनं तपासत होता.

मी श्वास धरला. मग लक्षात आलं की श्वास धरला की पोट आत जातं आणि पैलवान घसरतो. म्हणून बेतानं सोडला. नाकावर माशी बसली. डाव्या पायाला मुंग्या आल्या. आतल्या खोलीत मोबाईल वाजून वाजून थांबला. घाम कानात उतरला. पैलवान चालत छातीपर्यंत आला आणि वीतभर अंतरावरून माझ्या तोंडाकडं बघू लागला. त्याला एवढ्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होतो. चोचीवरची पट्टी आणली तेव्हा जांभळट होती. आता ती तपकिरी दिसत होती. मोठं झाल्यावर नराची निळी होते आणि मादीची तपकिरी, हे कन्येनं मला चारदा सांगितलं होतं.

तेवढ्यात दार किंचित ढकलून तीच डोकावली. मागं आई, तिच्या मागं बायको. मी ओठ न हलवता पुटपुटलो, "पट्टी... तपकिरी."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आई कुजबुजली, "म्हंजी बाई हाय? आणि पैलवान काय म्हणतोय तिला! नाव बदलाय पायजे."

"काय नको आज्जी," कन्या म्हणाली. "ती पण आपल्यासारखीच आलो-गेलो म्हणंल की."