ऐंशीच्या रॉड स्टुअर्टला ‘आता थांबा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या रॉक ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. जून २०२५मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात ब्रिटिश रॉक गायक रॉड स्टुअर्ट गायला, त्याची एक छोटी चित्रफीत खाली जोडलेली आहे आणि वर आरोप आहेत. आवाज संपलाय. गाणी खालच्या पट्टीत उतरवून लोकांना फसवलं. दम पुरेना म्हणून पाहुणे बोलावले. उरलेलं टेपवर वाजलं. सगळं पैशासाठी चाललंय. ऑझी ऑस्बोर्न या रॉक गायकाचं काय झालं ते बघा. आणि शेवटी, असे ओसरलेले गायक नेरूळच्या स्टेडियमवर आणून आपल्याला लुटतात, तेव्हा सत्तरीनंतर दौऱ्यांवर बंदीच हवी. कोपरीपासून खारघरपर्यंतच्या ओळखीच्या लोकांनी मला तो पाठवलाय, त्यांतले काही चांगले जाणकार आहेत. म्हणूनच गप्प बसवत नाही.

आवाजापासून सुरुवात करू. संदेशात सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डशी तुलना केली आहे. पण तो गळा रॉडकडे आता पंचवीस वर्षं नाहीच. २००० साली त्याच्यावर थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. कित्येक महिने त्याला गाता येत नव्हतं, मग त्याने पुन्हा नव्याने गायला शिकून घेतलं. त्यानंतर २००२मध्ये तो याच ग्लॅस्टनबरीच्या मुख्य मंचावर गायला. त्याच वर्षी जुनी अमेरिकन गाणी शांतपणे, खालच्या स्वरात म्हणायची त्याची मालिका सुरू झाली आणि ती जगभर खपली. म्हणजे ज्या आवाजाला आज ‘संपलेला’ म्हणताय, तोच आवाज लोक पाव शतक तिकिटं काढून ऐकत आलेत. २०२५च्या या कार्यक्रमात तो जागोजागी घोगरा झाला आणि जलद गाण्यांनंतर त्याला धाप लागत होती, हे खरंच आहे. ऐंशी वर्षांच्या, एवढं सोसलेल्या गळ्यातून दीड तास गाणं आलं, हेही तितकंच खरं आहे.

आता पट्टी. हा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण हे लिहिणारा मराठी माणूस आहे आणि पट्टी म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये कार्यक्रम सुरू होण्याआधी पेटीवाला गायकाला विचारतो, “आज कुठली?” गायक त्या दिवशीचा गळा बघून सांगतो. सफेद तीनऐवजी काळी दोन, म्हणजे पेटीवरची अर्धा स्वर खालची पट्टी, सांगितली म्हणून कुणी उठून पैसे परत मागितलेले मी पाहिलेले नाहीत. रॉकवाले नेमकं हेच करतात. गिटारच्या सहाही तारा अर्धा स्वर उतरवल्या की बोटं त्याच जागी पडतात, पण सफेद तीनच्या ठिकाणी काळी दोन वाजते आणि ध्रुवपदातला सगळ्यात वरचा स्वर गळ्याच्या टप्प्यात येतो. याची किंमतही मोजावी लागते. तारा सैल होतात, त्यांची धार थोडी कमी होते. कडव्यातला मुळातच खालचा भाग आणखी खाली जातो आणि तिथे आवाज पोकळ लागायची भीती असते. म्हणून कुठलं गाणं किती उतरवायचं, हे प्रत्येक गाण्यासाठी वेगळं ठरवावं लागतं. यात कसब आहे, लबाडी नाही. गन्स अँड रोझेस हा अमेरिकन बँड तर तरुण असल्यापासून अर्धा स्वर उतरवूनच वाजवतो. ब्रिटिश गायक एल्टन जॉनच्या घशाची शस्त्रक्रिया १९८७मध्ये झाली, त्याचा आवाज कायमचा जाड झाला, तरी २०२३मध्ये ७६व्या वर्षी ग्लॅस्टनबरीच्या याच मंचावर त्याने लोकांना वेड लावलं.

डिसेंबर २०२४मध्ये ९१ वर्षांच्या आशाताई दुबईत अगदी नवं हिंदी गाणं गायल्या, सोबत नाचाच्या स्टेपही केल्या. ती चित्रफीत याच गटांमध्ये फिरली होती. खाली हात जोडल्याच्या आणि डोळे पाणावल्याच्या खुणांची रांग लागली होती. मग रॉडला वेगळा न्याय का?

पाहुण्यांबद्दल. गायक मिक हकनॉल आला, गायिका लुलू आली, गिटारवादक रॉनी वूड आला. रॉनी आणि रॉड १९६०च्या दशकाच्या अखेरीस गिटारवादक जेफ बेकच्या बँडमध्ये एकत्र होते, पुढे ‘फेसेस’ या बँडमध्येही. अशा मित्रासोबत ऐंशीव्या वर्षी एक गाणं म्हणणं याला वेळ काढणं म्हणत असाल, तर बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीलाही तेच म्हणा. २०२२मध्ये, ऐंशी पूर्ण झाल्यावर आठवड्याभरात, तो ग्लॅस्टनबरीला अडीच तासांहून जास्त गायला आणि त्यानेही ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि डेव्ह ग्रोल या रॉक गायकांना मंचावर बोलावलं होतं. आणि आपल्या मैफिलीत काय होतं? बुवांच्या मागे तानपुऱ्यावर शिष्य बसलेला असतो. बुवांनी मान किंचित वळवली की तो आवाज लावतो, दोन ताना घेतो, तेवढ्यात बुवा श्वास घेतात आणि समेवर पुन्हा हजर असतात. दाद आपण दोघांनाही देतो. गुरूच्या दमाचा अंदाज घेत नेमक्या जागी उचलणं हे शिष्याच्या तालमीचंच काम मानतो. रॉडच्या मागे उभ्या राहून गाणाऱ्या, व्हायोलिन वाजवणाऱ्या बायका त्याच्या कार्यक्रमाचा कित्येक वर्षं भाग आहेत. कुठलं गाणं त्यांच्याकडे सोपवायचं, हे आधी ठरलेलं असतं.

टेपचा आरोप तर पहिल्याच आरोपाने खोटा पडतो. आवाज फाटला, दम लागला, ओळ उशिरा उचलली, असं संदेशात तुम्हीच लिहिलंय. टेप लावली असती तर यातलं काहीही झालं नसतं! काही बँड वाद्यांचे जादा थर आधी ध्वनिमुद्रित करून ठेवतात, हे खरं. पण मुख्य गायकाचा आवाज टेपवरून येत होता असं म्हणायचं, तर ओठ आणि आवाज कुठे जुळत नाहीत ते दाखवा. संदेशात तसं काही दाखवलेलं नाही, नुसती भुई धोपटली आहे. शिवाय नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मे २०१७मध्ये पॉप गायक जस्टिन बीबर आला, तेव्हा नुसते ओठ हलवल्याची टीका त्याच्यावर सगळीकडे झाली. त्याचं वय तेव्हा २३ होतं.

ऑझी ऑस्बोर्नचं नाव ज्या पद्धतीने वापरलंय, ते मला सहन झालेलं नाही. ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर तो सिंहासनावर बसून गायला आणि २२ जुलैला गेला. दोन तारखा शेजारी ठेवून ‘मंचाने मारलं’ असा अर्थ काढलाय. ऑझीला पार्किन्सन्सचा आजार होता, हे त्याने स्वतः जानेवारी २०२०मध्ये जाहीर केलं होतं. २०१९मध्ये घरात पडल्यावर मणक्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. फेब्रुवारी २०२३मध्ये त्यानेच सांगितलं, की शरीराला प्रवास झेपत नाही, दौरे बंद. म्हणजे तुम्ही जो सल्ला देताय, तो त्याने दोन वर्षांहून आधी स्वतःच अमलात आणला होता. त्यानंतर झाला तो दौरा नव्हता. जिथे तो लहानाचा मोठा झाला त्या अॅस्टनमध्ये, त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचे बाकीचे तिन्ही मूळ वादक शेजारी घेऊन, एकच संध्याकाळ होती. उत्पन्न पार्किन्सन्सवरच्या संशोधनाला आणि मुलांच्या रुग्णालयाला व शुश्रूषागृहाला द्यायचं ठरलं होतं. त्याला उभं राहता येत नव्हतं, म्हणून तो बसून गायला. आपले गवई तर आयुष्यभर बसूनच गातात.

गाणं आणि दौरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संदेशाची खरी गफलत इथेच आहे. माणूस दमतो तो विमानं, हॉटेलं, बदलत्या वेळा आणि सलग रात्रींनी. म्हणूनच यातले बहुतेक जण आधी दौरा कमी करतात. रॉडने २०२४च्या नोव्हेंबरमध्येच जाहीर केलं, की मोठे जागतिक दौरे आता संपवणार, पण निवृत्त व्हायची इच्छा नाही. लास व्हेगासला एकाच सभागृहात तो वर्षानुवर्षं गात आलाय, तिथे प्रवास श्रोत्यांनी करायचा. एल्टनने मुलांना वेळ देता यावा म्हणून ३३० कार्यक्रमांचा निरोपाचा दौरा केला आणि तो जुलै २०२३मध्ये स्टॉकहोमला संपवला. गायक स्टीव्हन टायलरचा कंठ २०२३मध्ये दुखावला, तो पूर्ण बरा होणार नाही हे कळल्यावर त्याच्या एरोस्मिथ या बँडने पुढच्या ऑगस्टमध्ये दौरे थांबवले. सत्तरीची रेघ यांतल्या कुणालाही लागू पडत नाही. रोलिंग स्टोन्स या बँडचा गायक मिक जॅगर याच्या हृदयाची झडप २०१९च्या एप्रिलमध्ये बदलली, जूनमध्ये तो ७५व्या वर्षी पुन्हा मंचावर धावत होता. उलट त्याच्याहून लहान असलेला गायक फिल कॉलिन्स २०२२मध्ये ७१व्या वर्षी खुर्चीत बसून गायला आणि त्याने तिथेच निरोप घेतला.

पैशाचं थोडक्यात. हो, पैसे मिळतात. गाणं हा त्यांचा धंदा आहे, आणि एका दौऱ्यावर वादक, ध्वनितंत्रज्ञ, प्रकाशयोजना करणारे, ट्रकचालक अशा कित्येकांची घरं चालतात.

रद्द होण्याची भीती मात्र रास्त आहे. ग्लॅस्टनबरीच्या आधीच फ्लूमुळे रॉडने अमेरिकेतले काही कार्यक्रम रद्द केले होते. ज्याने तिकीट, विमान आणि हॉटेल असा खर्च केलाय, त्याचा संताप मला समजतो. त्यावर उपाय परताव्याचे नियम कडक करण्याचा आहे. आणि बीबरने तर नेरूळनंतर अडीच महिन्यांत उरलेला दौराच रद्द केला होता, तेव्हा हाही प्रश्न वयाचा नाही.

राहिलं आपल्याकडे ‘उतरतीचे’ लोक येण्याचं. नेरूळला डिसेंबर २०१९मध्ये यू टू हा आयरिश बँड आला, तेव्हा त्यांचा गायक बोनो साठीच्या उंबरठ्यावर होता. जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडने तिथेच तीन रात्री वाजवलं, त्यांतलं कुणीही पन्नाशीच्या पुढे नव्हतं. पलीकडे मुंबईत महालक्ष्मीला २०२४च्या जानेवारीत ब्रिटिश गायक स्टिंग ७२व्या वर्षी बास वाजवत गायला. रोलिंग स्टोन्स २००३मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर आले, तेव्हाही त्यांना म्हातारे म्हणणारे होतेच. तेव्हा जॅगर ५९ वर्षांचा होता, आणि २०२४मध्ये तो अमेरिकेच्या स्टेडियममधून पुन्हा दौरा करत होता. आयोजकांकडे मागायचंच असेल तर हे मागा, की वयस्क कलाकाराला मे महिन्याच्या घामात उभं करू नका, डिसेंबर-जानेवारीतली तारीख घ्या, आदल्या दिवशी त्याला पूर्ण विश्रांती द्या, आणि मैदानात आमच्यातल्या साठीपुढच्या श्रोत्यांसाठी, जे रॉडची गाणी कॅसेटवर ऐकत मोठे झाले, बसायला खुर्च्या ठेवा.