छाटलेलं टाकायचं कुठं?

आमच्या यवतमाळकडं पेरलेलं सगळंच उगवतं असं काही नाही, पऱ्हाटीचं बियाणं टोबावं तर पाऊस दडी मारतो, तुरीवर मर येतो, पण कापून फेकून दिलेलं जे हमखास उगवतं ते म्हणजे ऑफिसटाईम. तेच हो, चिनी गुलाब. सकाळी ऊन चढलं की उमलतं आणि दुपारी मिटतं, वेळेवर उघडणारी आमच्या गावातली ही एकमेव गोष्ट.

विहिरीतून निघालेल्या काळ्या दगडांचा ढीग अंगणात पडला होता. पुतणी पुण्याहून आली आणि म्हणाली काका ह्याला रॉकरी म्हणतात, लोक पैसे देऊन करून घेतात! झालं. फटीफटीत मुरूम अन् थोडं शेणखत घातलं आणि काड्या खोचल्या. आपली काळी माती ह्याला चालत नाही, पाणी धरून ठेवते आणि देठ सडतं. मुळात दक्षिण अमेरिकेतलं झाड, त्याला उन्हाचं काय कौतुक? मे महिन्यात ४५ डिग्रीला माणसं कूलरसमोरून हलत नाहीत आणि हे पठ्ठं तापलेल्या दगडावर रंग उधळत बसतं.

मग ते पसरतं. ढिगावरून नालीवर, नालीवरून तुळशीपर्यंत, आणि मधलं देठ उघडंबोडकं होऊन फक्त टोकाला एखादं फूल. तेव्हा छाटणी करावीच लागते, सरळ अर्ध्यावर आणायचं, ते पंधरा-वीस दिवसांत पुन्हा दाट होतं. इथपर्यंत सगळं सोपं.

पण छाटलेलं टाकायचं कुठं? कारण बोटभर तुकडा ओल्या मातीवर नुसता पडला तरी आठ-दहा दिवसांत मुळं धरतो. कोणी मुद्दाम कलम करायचं म्हटलं तर एवढंच, खालची पानं काढा अन् खोचा, पण मला कलम नको होतं ना! उकिरड्यावर फेकलं तर उकिरडा फुलला. ते खत गाडीत भरून वावरात गेलं, तर तुरीच्या तासात गुलाबी फुलं, आणि सालदार विचारतो, "भाऊ, हे कोनतं नवं पीक घेऊन राह्यले?" बरं, तुकडे सगळे वेचले तरी सुटका नाही, कारण ह्याच्या बोंडाला वरून टोपी असते, पिकली की झाकणासारखी निघते आणि आतलं बी धुळीएवढं बारीक, ते काय चिमट्यानं उचलणार?

शेजारच्या काकूंचा वेगळाच हिशोब.

"हे तं चिवळच होय नं बापू? पानं पाह्य."

आता उन्हाळ्यात चिवळीची भाजी आणि ज्वारीची भाकर म्हटलं की आमच्याकडं वाद संपतात, पण हे शोभेचं झाड काकूंच्या कढईत जाऊ देऊ कसं? मी समजावून राहिलो की काकू, ही चिवळ नाही, चिवळ अन् घोळ ह्याचे चुलतभाऊ आहेत. तर म्हणे, "मंग चुलत हाये तं काय झालं, घरातलंच हाये!"

शेवटी बायकोनं वाटायची मोहीम काढली. महालक्ष्म्यांच्या प्रसादाला जी बाई आली तिच्या हातात जाताना एक कॅरीबॅग, नाही कोण म्हणणार? सोयरे एस्टीत घेऊन गेले, गुरुजींनी शाळेत लावलं, देवळाच्या पारावरही दगडात खोचून झालं. अंगण मोकळं झालं आणि मी दोरीच्या बाजेवर पाय पसरून बसलो.

तर पुढच्या पावसाळ्यात त्याच बाया एकेक करून परत आल्या. हातात कॅरीबॅग. "वहिनी, तुमच्याकडं नुसता गुलाबी होता नं, हा डबल पिवळा हाये, माझ्या माहेरचा, खास तुमच्यासाठी आणला." आणि बायको, जी आदल्याच दिवशी इळा घेऊन माझ्यामागं लागली होती की ते नालीवरचं काप आधी, ती म्हणते कशी, "अय्या, पिवळा! अहो, आणखी थोडे दगड आणा ना विहिरीवरचे."

गाडी जुंपली. येताना मुरूमही घेऊन ये म्हणाली.