‘सह्याजीराव’ म्हणणाऱ्या वाचकास

जुन्या श्रेणी (म्हणजे प्राचीन काळचे कारागीर-व्यापाऱ्यांचे संघ) आणि आजचे व्यापारी संघ यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “मानद पदाधिकाऱ्यांचे पोवाडे पुरे. काम पगारी कारकून करतो, हे सह्याजीराव नुसत्या सह्या ठोकतात. श्रेणींचं कौतुकही फुकाचं, ती निव्वळ मक्तेदारी. आणि लेख किती लांबट!”

लेख लांबला, मान्य. निवडणुकीच्या नियमांचा परिच्छेद निम्म्यावर आणता आला असता. पण मतभेद मांडायला ‘पोवाडे’, ‘ठोकतात’ असलीच भाषा लागते का? ज्यांना आपण हिणवता ती माणसं दुकानाचं शटर ओढून रात्री बैठकीला बसतात, आणि चहाचे पैसेही बरेचदा स्वतःच्याच खिशातून जातात. मी स्वतः अशा संघाचा खजिनदार होतो, तेव्हा सही म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

आता त्या सहीकडेच येऊ. कारकून पावती फाडतो, रोकड घेतो आणि खतावणी, म्हणजे प्रत्येक सभासदाच्या खात्याची वही, तीही लिहितो. तिन्ही कामं एका हातात आली की मध्ये आडवा येणारा एकच माणूस उरतो, खजिनदार. नेहमीचा घोळ कसा होतो पाहा. एका सभासदाची वर्गणी सोमवारी रोख आली, पावती दिली, पैसे मात्र परस्पर वापरले गेले. पुढच्या सोमवारी दुसऱ्याची वर्गणी आली, ती पहिल्याच्या नावावर बँकेत भरली. मग तिसऱ्याची दुसऱ्याच्या नावावर. खतावणीत नोंद भरण्याच्या दिवशीच होते, त्यामुळे खतावणी आणि बँक यांच्या बेरजा चोख जुळतात. वर्षअखेरीला नुसत्या बेरजा ताडून हे सापडणार नाही. पावतीची स्थळप्रत (पुस्तकात राहणारी नक्कल) आणि बँकेची भरणा-स्लिप शेजारी शेजारी ठेवून नाव आणि तारीख जुळवावी लागते. सगळेच भरणे पावतीच्या आठवडाभर मागे धावताना दिसले की समजावं. हे काम कारकुनाला कसं सांगणार? त्याचीच तर तपासणी आहे ती.

रद्द पावतीचंही तसंच. मूळ आणि स्थळप्रत, दोन्ही पुस्तकात टाचलेल्या हव्यात. नुसत्या स्थळप्रतीवर तिरपं ‘रद्द’ लिहिलेलं असेल, तर मूळ पावती पैसे देऊन कुणीतरी घरी नेलेली असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून कोरी पावतीपुस्तकं क्रमांकानुसार मोजून खजिनदाराच्या कपाटात ठेवायची आणि एक संपल्याशिवाय दुसरं द्यायचं नाही. जमा रोकड जशीच्या तशी बँकेत जायला हवी. झाडलोट, टपाल यांसाठी वेगळी आगाऊ रक्कम द्यायची. ‘आलेल्यातूनच दिले’ ही सवय एकदा लागली की जमेचा माग राहत नाही आणि खर्चाचाही.

हां, अध्यक्षांना सवड नसते म्हणून दोन सह्यांच्या खात्याचे कोरे चेक आधीच सही करून ठेवतात, तिथे आपला सह्याजीराव खरोखर भेटतो. त्याच्यावर टीका केली असतीत तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या. पण आपल्याला सगळ्यांना एकाच दावणीला बांधायचंय.

सचिवाकडे वळतो, थोडक्यात. निवडणूक झाल्यावर इतिवृत्तात ‘नवीन कार्यकारिणी निवडण्यात आली’ एवढंच लिहिलं, तर बँक ते परत पाठवते. जुन्या सह्या रद्द आणि नव्या मंजूर, दोन्ही नावानिशी ठरावात हवं. दोन्ही जुने सहीदार एकाच दिवशी पायउतार झाले आणि हा ठराव राहिला, तर खातं अडकतं. मग आपल्या त्या कामसू कारकुनाचा पगारही अडकतो बरं का.

श्रेणींचं कौतुक फुकाचं म्हणता? नाशिकच्या पांडवलेण्यांत 10 क्रमांकाच्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख वाचा. उषवदात हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा 1 व्याजाने, आणि दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं घ्यायचं. त्या 2000 चं वर्षाचं व्याज 240. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी 12, म्हणजे 240. शिल्लक शून्य! एका महिन्याचे 20 कार्षापण थकले की एका भिक्षूचं चीवर गेलं आणि दुसऱ्याचं दोन तृतीयांश. हे दान निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि दप्तरात नोंदवलं, असंही तोच लेख सांगतो. राजाचा जावई असला पैसा हिशेबाला कच्च्या माणसांकडे कायमचा ठेवील का?

याज्ञवल्क्यस्मृतीत समूहाचे कार्यचिंतक, म्हणजे कारभार पाहणारे, धर्मज्ञ, शुची आणि निर्लोभी असावेत म्हटलंय. समूहाच्या कामावर पाठवलेल्याने जे मिळालं ते आपणहून जमा केलं नाही, तर अकरापट वसूल करायचं. दंड ठरवायची वेळ आली म्हणजे तेव्हाही पैसे खाणारे होते, हे मला ठाऊक आहे. लेखात मी त्यांना देव केलेलं नाही, आपण तेवढा भाग वाचलेला दिसत नाही.

मक्तेदारीचं गुऱ्हाळ पुन्हा नको. त्यावर याच लेखाखाली आणखी दोघांनी लिहिलंय आणि त्यांना उत्तरही दिलंय. ते वाचा.