मेंढा लेखाचा बांबूचा पैसा म्हणजे सरकारी अनुदान नाहीये

सध्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय की गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ला बांबूसाठी सरकार फुकट पैसे वाटतं. हे चुकीचंय. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि याच कायद्यात बांबू गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) आहे म्हणजे विकायचा हक्क ग्रामसभेचा. तरी वाहतूक पास (माल जंगलाबाहेर न्यायचा परवाना) वनखात्याच्याच हातात होता, आणि पास नाही तर ट्रक गावाबाहेर जाणार कसा? लोक भांडले, शेवटी एप्रिल २०११ मध्ये या वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. त्यानंतर बांबू तोडणारे गावचे, विकणारी ग्रामसभा, पैसा तिच्याच खात्यात. वर मजुरीतला १० टक्के वाटा लोक ग्रामकोषात (गावाच्या सामाईक निधीत) टाकतात, आणि हे मला सगळ्यात भारी वाटतं, कारण अडीनडीला सावकाराकडे जावं लागत नाही. निर्णय सर्वसहमतीने, बहुमताने नाही. बहुतेक गोंधळ पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) ५ टक्के निधीमुळे होतोय, पण तो आदिवासी उपयोजनेतून, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या सरकारी पैशातून ग्रामपंचायतींना येतो, त्याचा बांबूशी काही संबंध नाही. मेसेज आला तर पुढे पाठवू नका प्लीज, हे पाठवा.