धक्का आधी, बोट नंतर

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर पर्यटन किती आणि कसे वाढवावे, यावर साताऱ्यात जी चर्चा गेली काही वर्षे चालू आहे, ती मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील एका कालव्यावर, स्वतःच्या बोटीत बसून वाचतो. 2024 साली जावळी तालुक्यातील मुनावळे येथे जलपर्यटन सुरू झाले. ‘नवीन महाबळेश्वर’ या नियोजित गिरिस्थान प्रकल्पाच्या आराखड्याने 235 गावांत आशा आणि धास्ती एकदमच निर्माण केली. मेढ्याचा माझा मामेभाऊ आता मुक्कामी हाऊसबोट घ्यायच्या विचारात आहे. “दादा, तू तर बोटीतच राहतोस, मग सांग की कोणती घेऊ,” असे तो मला विचारतो. बोट कोणतीही घे, पण ती बांधणार कुठे आणि कोणत्या कागदावर, हे आधी ठरव, एवढेच मी त्याला सांगत आलो आहे. हे उत्तर त्याला टाळाटाळ वाटते. ते तसे का नाही, हे इथल्या व्यवहारावरून सांगता येईल.

इंग्लंड आणि वेल्समधील बहुतेक कालवे आणि काही नद्या, मिळून सुमारे 2000 मैलांचे जलमार्ग, 2012 पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. त्यांवर तीस हजारांहून अधिक परवानाधारक बोटी आहेत आणि त्यांतील हजारो बोटींवर माणसे बारा महिने राहतात. आमच्यासारखी नॅरोबोट सात फुटांहून किंचित अरुंद असते, कारण अठराव्या शतकात बांधलेली इथली लॉक्स, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे कप्पे, तेवढीच रुंद आहेत. अशी बोट विकत घेणे फारसे कठीण नाही. विमा, दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र आणि वार्षिक परवाना एवढे झाले की बोट पाण्यावर येते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

1995 च्या कायद्यानुसार परवाना घेणाऱ्याकडे एक तर बोट बांधण्याची कायमची जागा हवी, किंवा त्याने सतत प्रवास करत राहिले पाहिजे आणि कोणत्याही एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. मुले शाळेत नसतील आणि नोकरी कोठूनही करता येत असेल, तर हा दुसरा मार्ग आनंदाचा आहे. आम्हीही तो काही काळ पत्करला. मात्र एप्रिल 2024 पासून अशा फिरत्या बोटींच्या परवाना शुल्कावर अधिभार लागला आहे. शिवाय मुलगी शाळेत जाऊ लागली, की दर पंधरवड्याला घराचे ठिकाण बदलणे अशक्य होते. म्हणून सध्या आम्ही मरीनात, म्हणजे भाड्याने बोटी बांधून ठेवण्याच्या बंदरात, कायमची जागा शोधत आहोत.

या शोधात पहिली गोष्ट कळते ती ही, की मरीनात जागा असणे आणि तिथे राहण्याची मुभा असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. बहुसंख्य जागा हौशी लोकांच्या बोटींसाठी असतात. शनिवार-रविवारी या, उन्हाळ्यात आठवडाभर राहा, पण हे तुमचे घर नव्हे, असे त्यांच्या करारात स्पष्ट लिहिलेले असते. राहण्यासाठीच्या जागेला स्थानिक कौन्सिलची नियोजन परवानगी लागते, आणि ती असलेल्या जागा इतक्या थोड्या असतात की प्रतीक्षायादीत नाव घालूनही फोन येईल याची शाश्वती नसते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा, कागदावर नसलेला प्रकार आहे. करार हौशी बोटीचा, राहणे बारमाही आणि व्यवस्थापक डोळेझाक करणारा. तो बदलला किंवा त्याची मर्जी फिरली, की सामान आवरावे लागते. अशा माणसाला तिथला पत्ता देता येत नाही, म्हणून टपाल, बँक, मुलांची शाळा या प्रत्येक ठिकाणी त्याला कोणा ना कोणा परिचिताचा आधार घ्यावा लागतो.

अधिकृत जागा मिळाली तरी माणूस निर्धास्त होतो असे नाही. भाडे बोटीच्या लांबीवर ठरते, वीज मीटरवर मिळते, काही ठिकाणी घरासारखा कौन्सिल टॅक्सही भरावा लागतो. पण मान्यताप्राप्त वसाहतीत चाकांवरच्या घरात राहणाऱ्याला 1983 च्या मोबाईल होम्स कायद्याने जे संरक्षण मिळते, ते बोटीवर राहणाऱ्याला मिळत नाही. करार बहुधा वर्षाचा असतो आणि तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे मालक ठरवतो. इंग्लंडमध्ये सगळे नियमाने आणि न्यायाने चालते असे मानणाऱ्या आमच्या नातेवाइकांना हे ऐकून नवल वाटते. नियम आहेत हे खरे, पण ते मुख्यतः जागेच्या मालकाच्या बाजूने लिहिलेले आहेत. 2016 च्या गृहनिर्माण व नियोजन कायद्याने मात्र एक चांगली गोष्ट केली. आपल्या हद्दीतील घरांच्या गरजेचा आढावा घेताना कौन्सिलने जलमार्गांवर बोटीत राहणाऱ्यांच्या जागेची गरजही विचारात घेतली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. त्याने जागा लगेच वाढल्या नाहीत, पण ही माणसे निदान हिशेबात आली.

आता शिवसागराकडे वळतो. कालव्यातील पाण्याची पातळी लॉक्समुळे वर्षभर जवळपास सारखी राहते, म्हणून आमची बोट काठावरच्या कड्यांना दोन दोरांनी बांधली की काम भागते. कोयना हे सुमारे 105 टीएमसी साठ्याचे धरण आहे आणि त्याचे पाणी वीज आणि सिंचनासाठी वर्षभर सोडले जाते. पावसाळ्याअखेर तुडुंब असलेला जलाशय मे महिन्यात कित्येक मीटर खाली गेलेला असतो. ज्या धक्क्याला दिवाळीत बोट लावली, तो पर्यटनाच्या ऐन हंगामात चिखलाच्या उतारावर कोरडा पडलेला दिसेल. म्हणजे तरंगते धक्के हवेत, पाण्यामागे सरकणारे पूल हवेत, आणि ते ज्या जमिनीवर टेकतील त्या जमिनीचा प्रश्न सुटलेला हवा. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन देताना प्रकल्पग्रस्तांचा आधी विचार करायचा, ही आपल्याकडील रीत आहे. ती जमीन उद्या हाऊसबोटींच्या धक्क्याला दिली, तर पहिला तंटा तिथेच उभा राहील. जूनपासून चार महिने, त्या खोऱ्यातला पाऊस आणि वारा अंगावर घेत, या बोटी कुठे ठेवायच्या हाही प्रश्न आहेच. व्याघ्र प्रकल्पाची हद्द दाखवून विरोध करणारे आणि मुंबईला गेलेली पोरे परत येतील म्हणून पाठिंबा देणारे, दोघेही बोटींच्या संख्येवर हिरिरीने बोलतात. धक्क्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

सांडपाण्याच्या बाबतीत तर इंग्लंडचा कित्ता गिरवू नये असेच मी म्हणेन. इथे शौचालयाची टाकी ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करावी लागते; मरीनात ती यंत्राने उपसून घेतात. पण स्वयंपाकघराचे आणि अंघोळीचे पाणी आजही सर्रास थेट कालव्यात सोडले जाते आणि ते नियमबाह्य नाही. कालव्याचे पाणी त्याच काठावर कोणी भांड्यात भरून घेत नाही, म्हणून हे खपून जाते. कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहांतून पश्चिमेला चिपळूणकडे जाते आणि पूर्वेला कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळून सांगलीकडे जाते. दोन्ही अंगांना ते पिणारी माणसे आहेत. म्हणून साबणाचे पाणीसुद्धा टाकीत साठवून किनाऱ्यावर उपसण्याची सक्ती कोयनेवर हवी. उपसलेले मैलापाणी पुढे कुठे शुद्ध होणार, हे ठरल्याखेरीज एकाही मुक्कामी बोटीला परवाना देऊ नये. केरळच्या वेंबनाड तलावात हाऊसबोटी आधी वाढल्या आणि ही व्यवस्था मागून आली. तिथल्या पाण्याची तक्रार आजही संपलेली नाही.

एक मुद्दा मात्र मला इतर सर्वांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. कोयना धरणाने ज्यांची गावे बुडवली, त्यांतील कित्येक कुटुंबे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत पांगली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही आंदोलनांच्या मागणीपत्रांत आहेत. जी कुटुंबे काठावर वर सरकून राहिली, त्यांना बाजाराला, दवाखान्याला जाण्यासाठी लाँच हाच आधार राहिला. पाण्यावरचा पहिला हक्क या वाहतुकीचा आहे. चांगले धक्के बाहेरच्या भांडवलाने आधी अडवले, तर बामणोली-तापोळ्याच्या बोट क्लबातील स्थानिक माणूस स्वतःच्या काठावर, इंग्लंडमध्ये हौशी करारावर बोटीत राहणाऱ्यासारखा, मालकाच्या मर्जीवर राहील. तेव्हा धक्क्याची मालकी ग्रामपंचायतीकडे किंवा बोट क्लबांच्या सहकारी संस्थेकडे असावी, भाडेपट्टा किमान दहा वर्षांचा असावा, आणि तो कोणत्या कारणाने, किती मुदतीची नोटीस देऊन रद्द करता येईल, हे त्यातच लिहिलेले असावे. सहकाराची घडी बसलेल्या सातारा-सांगलीत हे अवघड जाऊ नये, असे मला दुरून वाटते. जवळून पाहणाऱ्यांचे मत कदाचित वेगळे असेल.

मामेभावाला मी सांगितले आहे की आराखड्यावरच्या हरकती आणि सूचनांमध्ये हाऊसबोटींची संख्या मागू नकोस. धक्क्यांच्या जागा उन्हाळ्यातील नीचांकी पातळी धरून नकाशावर दाखवा, गाळपेर जमीन वगळा आणि मैला उपसण्याची सोय कोणाच्या खर्चाने होणार ते लिहा, एवढेच माग. त्याने अर्ज लिहायला घेतला आहे, आणि भाडेपट्ट्याचे कलम कसे असावे हे दाखवण्यासाठी इथल्या एका मरीनाच्या कराराचा मराठी गोषवारा मी त्याला करून देतो आहे.